ब्लफ : वाटेची गोष्ट आणि पाटाची

दिवस पहिला : सॉल्ट लेक सिटी ते एस्कलांटे

पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला सुट्टीत काय दाखवायचं, हा आमच्या मुलीपुढचा नेहमीचा प्रश्न. पहिल्या खेपेला तिने यलोस्टोनचे गरम झरे दाखवले, दुसऱ्या खेपेला लास वेगास. तिथे मी दिव्यांच्या झगमगाटापेक्षा जास्त वेळ हूव्हर धरणावर काढला. तेव्हापासून ती शहाणी झाली. या वेळी तिने युटा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातलं ब्लफ नावाचं गाव काढलं.

तिच्या ऑफिसातल्या एका बाईंचे खापरपणजोबा १८७९ साली नैऋत्य युटामधून निघालेल्या, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या तांड्यात होते. सुमारे अडीचशे माणसं, ८३ गाड्या, हजाराहून जास्त गुरं-घोडी. सहा आठवड्यांत पोचू म्हणून निघालेली ही मंडळी सहा महिन्यांनी पोचली. त्यातही जिथे जायचं होतं त्याच्या पंधरा-अठरा मैल अलीकडेच बहुतेकांनी गाड्या सोडल्या, कारण पुढे जायची ताकदच उरली नव्हती. गाव वसलं ते तिथेच.

"आणि पाणी?" मी विचारलं.

"नदी आहे ना, बाबा."

नदी असणं आणि शेताला पाणी असणं यात किती अंतर असतं, हे पोरीला लहानपणापासून सांगत आलो, पण ती सॉफ्टवेअरमध्ये गेली. तर ते अंतर बघायला आम्ही चौघे निघालो: मी, आमची ही, मुलगी आणि जावई. डिकीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचे कॅन आणि हिच्या गुडघ्याचा पट्टा.

पाच तासांच्या प्रवासात मुलीने पार्श्वभूमी वाचून दाखवली. मॉर्मन पंथाचे लोक १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात आले. डोंगरातल्या ओढ्यांचे पाट काढून उजाड माळावर त्यांनी शेती उभी केली. मग चर्च एकेक कुटुंब निवडून नव्या जागी वसाहतीला पाठवू लागलं. याला ते 'कॉल' म्हणत, म्हणजे बोलावणं. मला ती सरळ बदलीची ऑर्डर वाटली. फरक इतकाच, की ही ऑर्डर रद्द करून घ्यायला मुंबईला खेटे घालायची सोय नव्हती. पॅरोवान, सीडर सिटी या बऱ्यापैकी जम बसलेल्या गावांतल्या लोकांनी घरदार विकलं आणि गाड्या भरल्या. सॅन वान नदीच्या खोऱ्यात कोलोराडोकडून गुरांवाले आणि फरारी गुंड शिरत होते. तिथे आपली माणसं असावीत आणि नवाहो व यूट या तिथल्या मूळ रहिवाशांशी सलोखा राहावा, असा चर्चचा हिशेब होता.

त्या उन्हाळ्यात सायलस स्मिथ यांच्या पुढारपणाखाली एक तुकडी पाहणी करून आली होती. जाताना ती दक्षिणेकडून नवाहो मुलखातून गेली आणि येताना उत्तरेकडून मोठा वळसा घालून आली. दोन्ही वाटा लांबच्या होत्या. मग कोणीतरी म्हणालं, एस्कलांटेवरून सरळ पूर्वेला गेलं तर अर्ध्यात काम होईल. नकाशावर फूटपट्टी ठेवून आखलेल्या रेघेवर विश्वास बसण्याचा हा आजार आमच्या खात्यातही होता. भूसंपादनाच्या वेळी तो बरा व्हायचा.

एस्कलांटेला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. तांडा आला तेव्हा हे गाव जेमतेम तीन-चार वर्षांचं होतं, आणि खोऱ्याला त्याआधी 'पोटॅटो व्हॅली' म्हणत, बटाट्याचं खोरं. हे कळल्यावर हिने जेवताना बटाट्याच्या काचऱ्या मागवल्या. मिळाले ते फ्रेंच फ्राइज.

दिवस दुसरा : होल इन द रॉक

गावाच्या पूर्वेला पाच मैलांवर डांबरी सोडून उजवीकडे वळलं, की साठेक मैलांचा कच्चा रस्ता लागतो. पत्र्याच्या पन्हळीसारखा. त्यावरून जीप गेली की दात वाजतात. उजव्या हाताला सलग उभा कडा, डाव्या हाताला लाल-पांढऱ्या खडकात कापत गेलेल्या घळी. म्हणजे डावीउजवीकडे जायचा प्रश्न नाही, माणूस आपोआप पुढेच ढकलला जातो. तांडाही असाच ढकलला गेला. पुढे गेलेल्या शोधपथकांमध्येच एकमत नव्हतं: काही म्हणाले गाडीवाट होणं अशक्य, काही म्हणाले होईल. तेवढ्यात मागच्या डोंगरात बर्फ पडलं आणि परतीची वाट बंद झाली. त्यामुळे निर्णय सोपा झाला.

सदतिसाव्या मैलाच्या आसपास डान्स हॉल रॉक आहे. वाळूच्या दगडातला अर्धगोल, वरून कमानीसारखा झुकलेला, खाली बऱ्यापैकी सपाट फरशी. जवळच्या झऱ्यावर तळ पडलेला असताना हे लोक इथे फिडलच्या तालावर नाचत. पुढे वाट आहे की नाही ठाऊक नाही, मागे जाता येत नाही, आणि रात्री नाच. आमच्या हिने तिथल्या तिथे दोन पावलं फुगडीची टाकली. आवाज इतका छान घुमला, की जावईबापूंनी मोबाइलवर लावलेलं गाणं बंद केलं.

त्यानंतर टायर बसला. भाड्याच्या जीपची स्टेपनी काढली तर तीही निम्मी रिकामी. ज्यांनी गाडी दिली त्यांचं नाव इथे घेत नाही, मनात पुष्कळदा घेतलं. तासाभराने दोन तरुण पोरं मागून आली, त्यांच्याकडे हवा भरायचा पंप होता. शेवटचे सहा-सात मैल खडकाच्या पायऱ्यांवरून गाडी अक्षरशः चालवत न्यावी लागते. तिथे मुलीने स्टिअरिंग घेतलं आणि मी तोंड बंद ठेवलं.

आणि मग रस्ता संपतो. पुढे कडा आहे आणि कड्यात एक फट. तेच ते 'होल इन द रॉक'.

तेव्हाच्या नदीच्या पात्रापासून सुमारे हजार फूट उंचीवर आपण उभे असतो. १८७९ च्या डिसेंबरात ही फट माणूस आडवा होऊन जेमतेम शिरेल एवढीच होती, आणि तिच्या तोंडाशी सुमारे ४५ फुटांचा सरळ तुटलेला कडा. त्यातून ८३ गाड्या उतरवायच्या. काम तीन टोळ्यांनी वाटून घेतलं: एक फटीच्या तोंडाशी, एक खालच्या उतारावर, एक नदीपलीकडचा चढ फोडायला. बेंजामिन आणि हायरम पर्किन्स हे भाऊ वेल्सच्या कोळसाखाणींत काम केलेले. सुरुंगाचं काम त्यांच्याकडे गेलं. दोर बांधलेल्या पिंपात बसून माणसं कड्यावर लोंबकळत भोकं पाडत. सुरुंगाची दारू थोडी होती, म्हणून बरंचसं काम घण, छिन्नी आणि पहारीनेच झालं.

माझं लक्ष अडकलं ते खालच्या बाजूच्या 'अंकल बेन्स डगवे'वर, म्हणजे बेनकाकांनी कड्याच्या अंगाला खोदलेल्या गाडीवाटेवर. फटीतून बाहेर पडल्यावर एका ठिकाणी वाट काढायला जागाच नव्हती, उभी भिंत आणि खाली दरी. बेन पर्किन्सने काय केलं, तर भिंतीत आतल्या चाकासाठी एक अरुंद खाच कोरली. तिच्या खाली काही फुटांवर ओळीने भोकं पाडली, त्यांत ओकच्या जाड मेखा ठोकल्या, आणि मेखांवर लाकडं, झुडपं, दगड-गोटे रचून बाहेरच्या चाकासाठी मार्ग केला. म्हणजे गाडीचं निम्मं वजन खडकावर आणि निम्मं खुंट्यांवर! असलं डिझाइन माझ्याकडे मंजुरीला आलं असतं तर मी फाइल परत पाठवली असती. त्याच्यावरून त्यांच्या सगळ्या गाड्या गेल्या.

२६ जानेवारी १८८० ला पहिल्या गाड्या उतरल्या. मागची चाकं साखळ्यांनी जखडलेली, मागून दोर धरून दहा-बारा माणसं ओढली जाताहेत, पुढे बिथरलेली घोडी. जोसेफ स्टॅनफर्ड स्मिथ दिवसभर खाली इतरांना मदत करत होता. संध्याकाळी सगळे निघून गेले, आणि त्याच्या लक्षात आलं की आपलीच गाडी वर राहिली आहे. बायको अराबेला तीन लहान मुलांसह वरच बसलेली. त्याला संताप आला. ती म्हणाली, आपणच उतरवू. बर्फावर गोधडी पसरून मुलांना बसवलं, धाकटं बाळ तीन वर्षांच्या मुलाच्या मांडीवर दिलं आणि हलू नका म्हणून बजावलं. गाडीला मागून एक घोडा बांधला आणि त्याचा लगाम धरून अराबेला ब्रेक म्हणून मागे राहिली. घोडा पडला, ती फरफटत गेली, पायाला टाचेपासून वरपर्यंत जखम झाली. गाडी मात्र खाली उभीच्या उभी पोचली. मग स्मिथ पुन्हा वर चढून मुलांना घेऊन आला. मुलं तशीच बसलेली होती.

आम्ही फटीत थोडं खाली उतरलो. हिच्या गुडघ्यामुळे आणि माझ्या वयामुळे पहिल्या मोठ्या शिळेपाशीच थांबलो. पायऱ्या कोरल्याच्या, भोकांच्या खुणा अजून आहेत. खाली निळंशार पाणी दिसतं, ते लेक पॉवेलचं. १९६३ मध्ये ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले आणि पाणी चढत गेलं. चार्ल्स हॉलने बांधलेल्या तराफ्यावरून तांडा जिथे नदी ओलांडून गेला, ते काठ आता तळाशी. आयुष्यभर धरणाच्या बाजूने बोललेला माणूस मी. तिथे थोडा वेळ गप्प बसलो, इतकंच लिहितो.

गंमत म्हणजे एवढी मेहनत घेतलेली ही वाट वर्षभरच वापरात राहिली. हॉलने नदीच्या वरच्या अंगाला सोपी जागा शोधली आणि तराफा तिकडे हलवला.

दिवस तिसरा : एस्कलांटे ते ब्लफ

त्या फटीतून ब्लफला थेट जाणारा रस्ता आजही नाही. मोठा वळसा घालावा लागतो: बोल्डर, कॅपिटल रीफ, हँक्सव्हिल, हाइटचा पूल. बोल्डरच्या अलीकडे दोन्ही बाजूंना दरी असलेल्या एका धारेवरून रस्ता जातो. तिथे आमच्या हिने डोळे मिटून रामरक्षा म्हटली. बाकी दिवस खडक, खडक आणि पुन्हा खडक. सुंदर आहे, पण सहा तासांनी सुंदर गोष्टीचाही कंटाळा येतो.

तांड्याला नदी ओलांडल्यापासून पोचायला दोन महिन्यांहून जास्त लागले. पलीकडचा मुलूख अलीकडच्यापेक्षा वाईट निघाला. गुळगुळीत उतरते खडक, चिकणमातीचे डोंगर, आणि गाडीला वाट करायला दिवसेंदिवस तोडावं लागणारं सीडरचं रान. वाटेत बाळं जन्मली. एकही माणूस दगावला नाही.

दुपारी ९५ क्रमांकाच्या हायवेवर सॅल्व्हेशन नॉलपाशी थांबलो. छोटीशी टेकडी, दहा मिनिटांचा चढ. डिसेंबर १८७९ मध्ये चार जण पुढची वाट शोधायला निघाले होते: जॉर्ज हॉब्स, जॉर्ज सेव्ही, जॉर्ज मॉरेल आणि लेम्युएल रेड. सोबत आठ दिवसांची शिदोरी. मोहीम पंचवीस दिवस चालली. ख्रिसमसच्या दिवशी बर्फात, उपाशी, दिशा हरवलेल्या अवस्थेत ते या टेकडीवर चढले आणि त्यांना पाहणीच्या वेळी ओळखीचे झालेले निळे डोंगर दिसले.

याच फेरीत हॉब्सला एक रानमेंढा भेटला. गुळगुळीत खडकाच्या उतारावर खाली उतरायला जागा सापडत नव्हती. मेंढ्याला फास टाकून पकडायचा म्हणून हॉब्स मागे लागला. मेंढा काही हाती लागला नाही, पण वळणं घेत घेत तो खाली उतरला, आणि हॉब्सला वाट मिळाली. नंतर त्याच वाटेने गाड्या उतरल्या. मला लगेच आपला शिंगरोबा आठवला. बोरघाटात इंग्रजांना रेल्वेची वाट दाखवणारा धनगर, निदान तसं सांगतात तरी. खंडाळ्याच्या घाटात त्याचं देऊळ आहे, जाणारे-येणारे नाणं टाकतात. मेंढ्याचं देऊळ मला कुठे दिसलं नाही.

पुढे कोम्ब रिजची भिंत आडवी येते. ऐंशीएक मैल लांबीचा, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा दातेरी कडा. हायवे त्यातून एका प्रचंड कापातून जातो. हा रस्ता १९७६ मध्ये पुरा झाला, तोही सुरुंग लावूनच. तांड्यापुढे तो पर्याय नव्हता. ते कड्याच्या कडेकडेने दक्षिणेला नदीपर्यंत गेले. ते आम्ही शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलं.

दिवस चौथा : ब्लफ

सकाळी उठून बघितलं तर मोटेलच्या मागे तीनशे फुटांचा लाल कडा, समोर कॉटनवुडची पिवळी झालेली झाडं, आणि त्यांच्या पलीकडे सॅन वान नदी. वस्ती अडीचशेच्या आसपास. म्हणजे १८८० च्या एप्रिलमध्ये जेवढी माणसं आली, आज जवळपास तेवढीच आहेत. आणि या गावाला नगरपालिकेसारखा रीतसर दर्जा मिळाला तो २०१८ मध्ये!

६ एप्रिल १८८० ला तांडा इथे टेकला. दरम्यान, फेब्रुवारीत, माणसं अजून खडकांतच अडकलेली असताना, युटाच्या विधिमंडळाने सॅन वान काउंटी स्थापन करून टाकली होती. ब्लफ हे तिचं मुख्य ठाणं झालं. म्हणजे जिल्हा आधी, मुख्यालय नंतर. अशी उदाहरणं आपल्याकडेही आहेत.

ब्लफ फोर्ट हे स्थळ तांड्याच्या वंशजांनी पुन्हा उभारलं आहे. मूळची एक खोली तेवढी शिल्लक, बाकी खोल्या नव्याने तशाच बांधलेल्या. चौकाभोवती ओळीने लाकडी खोल्या, सगळ्यांची दारं आत चौकाकडे, छपरावर माती. लाकूड कॉटनवुडचं, म्हणजे वेडंवाकडं. फटी बुजवता बुजवता जीव जात असणार, आणि पावसात छपरातून चिखल गळत असणार. जुन्या पद्धतीचा झगा आणि बॉनेट घातलेल्या एका स्वयंसेवक आजींनी आम्हाला फिरवलं. त्या स्वतः तांड्यातल्या एका कुटुंबाच्या वंशज. फटीची, स्मिथ दांपत्याची, पर्किन्सची गोष्ट त्यांना तोंडपाठ होती. मी पाटाबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "ते कोणी विचारत नाही," म्हणाल्या. मग आम्ही बाकावर बसून तासभर पाटाबद्दलच बोललो.

तर ती गोष्ट अशी. पोचल्या पोचल्या पहिली अडचण आली ती जमिनीची. कडा आणि नदी यांच्यामधली सपाटी इतकी चिंचोळी, की सगळ्यांना पुरेल अशी नव्हती. चिठ्ठ्या टाकून तुकडे वाटले, त्यावरून कुरबुरी झाल्या, पुन्हा मोजणी झाली. काही कुटुंबं थोड्याच दिवसांत निघून गेली. राहिले ते पाट खोदायला लागले. सगळ्यांचा मिळून एक पाट, ज्याने जेवढे दिवस काम केलं तेवढा त्याचा हिस्सा.

ही पद्धत मला घरची वाटली. मी मूळचा धुळ्याकडचा. पांझरेच्या काठी आमची फड पद्धत शेकडो वर्षं चालली. सगळ्या गावाचा एक बंधारा, पाणी सोडायला पाटकरी, पाळीप्रमाणे भिजवणी, पाट साफ करायला घरटी माणूस. पण आमचे बंधारे काळ्या पाषाणावर चुन्यात बांधलेले. इथे पाषाण सापडायला किती खाली जावं लागेल कोण जाणे! मी आणि जावईबापू दुपारी नदीवर गेलो तेव्हा तेच बघितलं. पात्र रुंद, तळ वाळूचा, प्रवाह आज या काठाला तर उद्या त्या काठाला. पाटाचं तोंड बांधायचं कुठे? कॉटनवुडच्या ओंडक्यांचे पिंजरे करून, त्यांत दगड भरून ते तोंड धरायचा प्रयत्न करत. नदीने बाजूने वाट काढली की पिंजरे कोरडे आणि पाटही कोरडा. नाहीतर पूर आला की पिंजऱ्यांसकट सगळं न्यू मेक्सिकोच्या उलट दिशेला, कोलोराडो नदीकडे.

यात पुन्हा दोन भानगडी. एक, वसंतात कोलोराडोच्या डोंगरातलं बर्फ वितळून पूर येतो, म्हणजे ऐन पेरणीत. दोन, उन्हाळ्याच्या शेवटी वळवासारखे पाऊस पडले की गावाच्या बाजूचे कोरडे ओढे तासाभरात तुडुंब होतात आणि पाटाला आडवे कापून जातात. ओढ्यावरून पाट न्यायला मोरी किंवा जलसेतू लागतो. तो बांधायला इथे ना सिमेंट, ना पैसा. पैशासाठी पुरुष मंडळी कोलोराडोत रेल्वेच्या कामावर जात होती आणि मागे पाट कोण साफ करत असेल याचा अंदाज फोर्टातल्या फोटोंमधल्या बायकांचे हात पाहून येतो.

आणि गाळ. त्याबद्दल मला ऐकीव माहिती नको होती. मी कोकची एक लिटरची रिकामी बाटली नदीच्या पाण्याने भरून घेतली. "बाबा, हे काय?" मुलगी म्हणाली. नमुना, म्हटलं. रात्रभर हलवायची नाही.

१८८४ च्या पुराने पाट धुऊन नेला. वरच्या अंगाला माँटेझुमा क्रीकची वस्तीही गेली. लोकांनी चर्चकडे सुटका मागितली. सोडून जायची परवानगी, म्हणजे बदली. पण राहाल तर बरं होईल, असं वरून सांगणं आलं आणि पुष्कळ जण राहिले. यात बिशप येन्स नील्सन यांचा वाटा मोठा. हे मूळचे डेन्मार्कचे. १८५६ मध्ये हातगाडी ओढत मैदानं ओलांडून आलेल्या, बर्फात सापडलेल्या तांड्यात ते होते. मुलगा वाटेत गेला, यांचे पाय गोठले, तेव्हा ठेंगण्या बायकोने, एल्सीने, त्यांना हातगाडीवर घालून ओढलं. पाय कायमचे वाकडे झाले. होल इन द रॉकला आले तेव्हा साठीला टेकलेले. त्यांचा एक शब्द गावात अजून चालतो: 'स्टिकी-टा-टूडी'. काहीही होवो, चिकटून राहायचं. आजींनी अर्थ सांगितला तेव्हा आमची ही पटकन म्हणाली, "म्हणजे चिकाटी!" आजींना हा शब्द इतका आवडला की त्यांनी तो दोनदा म्हणून घेतला.

पण चिकाटीने पाट टिकला नाही. माझ्या मते गाव तगलं ते पाटाची चिकाटी सोडल्यामुळे, निदान सैल केल्यामुळे. १८८५ मध्ये फ्रान्सिस हॅमंड हे इथल्या चर्चचे नवे प्रमुख म्हणून आले. तरुणपणी जहाजावर खलाशी, पुढे हवाईत धर्मप्रचारक, आणि आता वाळवंटात. ज्या गुरांवाल्यांना आवर घालायला आपल्याला इथे पाठवलं, त्यांचाच धंदा आपण करावा, हे त्यांनी पाहिलं. गावाने आपली गुरं एकत्र केली. त्याला 'ब्लफ पूल' म्हणत, म्हणजे सामाईक कळप. चढावरची कुरणं धरली. नंतर मेंढ्या आल्या. १८८२ मध्ये सुरू झालेलं सहकारी दुकान नदीपलीकडच्या नवाहो लोकांकडून लोकर आणि घोंगड्या घेऊ लागलं, बदल्यात पीठ, साखर, कापड. नदीच्या दक्षिणेची जमीन १८८४ मध्येच नवाहो आरक्षणात गेली होती, त्यामुळे शेजार कायमचा झाला.

शेजार हा शब्द लिहिताना मी अडखळलो, कारण इथे आधी कोण होतं हा प्रश्न गावात पावलोपावली भेटतो. नवाहो आणि यूट तर होतेच. स्मशानाच्या टेकडीवर, नील्सनबाबांच्या थडग्याजवळच, हजारेक वर्षांपूर्वीच्या प्यूब्लो लोकांच्या मोठ्या घराचे अवशेष आहेत. सँड आयलंडच्या कड्यावर मेंढ्यांची, माणसांची, बासरीवाल्याची कोरलेली चित्रं आहेत. ती माणसंही कधीतरी हे खोरं सोडून गेली. फोर्टातल्या पाट्यांवर त्यांच्याबद्दल फार मजकूर नाही.

गुरांच्या पैशातून १९०० च्या आसपास दगडी घरं उठली. संध्याकाळी गल्ल्यांतून फिरलो. लेम्युएल रेड यांच्या याच नावाच्या मुलाचं घर, स्कोरप यांचं घर: लालसर वाळूच्या दगडाचे घडीव चिरे, नक्षीचे ओटे, उंच खिडक्या. मातीच्या छपराखाली चिखल झेलणाऱ्यांनी वीस वर्षांत हे बांधलं. त्यांच्यासमोरच्या बागा मात्र पाटावर नव्हे, पुढे लागलेल्या आर्टेशियन विहिरींवर तगल्या. पाणी खालून आपणहून वर आलं. सगळ्या गावाने नदीशी झुंजावं आणि पाणी पायाखालीच असावं! मी तिथे हसलो, मुलीला कळेना का.

दिवस पाचवा : सॅन वान हिल आणि परत

सकाळी मोटेलच्या खिडकीत बाटली पाहिली. वर पाणी ताकासारखं गढूळच, आणि तळाशी जाड बोटभर गाळ. काल पाऊस नव्हता, पूर नव्हता. शिवाय नदीवर वरच्या अंगाला, न्यू मेक्सिकोत, १९६२ पासून नवाहो धरण आहे. मी मनातल्या मनात पाटाची लांबी, खोली आणि वर्षातले दिवस गुणले, आणि नील्सनबाबांबद्दलचा आदर दुणावला. जावईबापू म्हणाले, "तुम्ही असता तर काय केलं असतं?" मी म्हटलं, बदली मागितली असती.

कोम्ब वॉशच्या वाळूतून जीप नेत आम्ही सॅन वान हिलच्या पायथ्याशी गेलो. तांड्याची ही शेवटची चढण, ब्लफ इथून थोड्याच मैलांवर. सहा महिन्यांच्या वाटचालीने घोडी हाडकली होती. एकेका गाडीला सात-सात जोड्या जुंपत, म्हणजे काही घोडी गुडघ्यांवर कोसळली तरी उरलेल्या गाडी धरून ठेवतील. वर पोचेपर्यंत खडकावर गुडघ्यांच्या रक्ताचे डाग पडले. सॅल्व्हेशन नॉलवर चढलेल्या लेम्युएल रेडचा मुलगा, त्याचंही नाव लेम्युएल, चांगला धट्टाकट्टा गडी, म्हातारपणी या चढणीचा विषय निघाला की रडत असे. आम्ही पायी थोडं चढलो. खडकात चाकांची वाट अजून दिसते. वर कोणीतरी देवाचे आभार मानणारी ओळ कोरून ठेवली आहे.

परतताना ब्लँडिंगला जेवलो. १९०५ मध्ये ब्लफच्याच लोकांनी हे गाव वर पठारावर वसवलं. डोंगरातून पाणी आणलं आणि नंतर तर त्यासाठी डोंगराला बोगदाच पाडला. १८९५ मध्ये ठाणंही वर मॉन्टिसेलोला गेलं होतं, त्यामुळे ब्लफ हळूहळू रिकामं झालं. ब्लँडिंगचं मूळ नाव ग्रेसन. बिकनेल नावाच्या धनिकाने जाहीर केलं, जे गाव माझं नाव घेईल त्याला ग्रंथालय देईन. दोन गावं पुढे आली. एक बिकनेल झालं, दुसऱ्याने त्याच्या बायकोचं माहेरचं आडनाव घेतलं, ब्लँडिंग. पुस्तकं निम्मी निम्मी वाटली. यावर आमची ही म्हणाली, "निदान बायकोचं माहेरचं नाव तरी राहिलं."

रात्री सॉल्ट लेकला घरी पोचलो. सामान काढताना मुलगी बाटली सिंकमध्ये ओतायला निघाली होती. मी थांबवली. वाटभर गाडी हलल्याने सगळा गाळ पुन्हा ढवळला गेला होता, खालपासून वरपर्यंत पाणी एकसारखं तांबडं. ती फ्रिजच्या वर ठेवली आहे. सकाळी पुन्हा मोजायचं आहे, या वेळी पट्टी लावून.